क्लचचा लिव्हर

मंगळवार, संध्याकाळ

कंपनीत मशीनमध्ये हात सापडल्यापासून ह्यांच्या डाव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत. म्हणून आज मोटरसायकल टेम्पोत घालून तळेगावला स्पेअर पार्टच्या दुकानात नेली. दुकानदाराने डाव्या मुठीला क्लचचा आखूड लिव्हर लावला, स्क्रू फिरवून मुठीजवळ आणला. ह्यांनी दाबला, तर बोटं अर्ध्यावरच अडली.

"अजून जवळ घ्या की."

"भाऊ, याच्यापुढं न्हाई येत."

 ह्यांनी माझा हात धरून मुठीवर ठेवला.

"हिच्या बोटांना बसंल असा लावा."

मला? मी कधी गाडीला हात तरी लावलाय का? पण दाबला. पूर्ण दाबला गेला. ह्यांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "उद्यापास्नं शिकवतो."

तेव्हापासून मनात तेच चाललंय. ह्यांच्यासमोर माझ्याकडून इतक्या सहज तो दाबला जायला नको होता.