माटोळीला टांगलेली टोपी

कारापूर,
अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, १९८८

तीर्थस्वरूप सौ. वत्सलाताईच्या पायांशी धाकटा भाऊ सगुण याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळी क्षेम आहेत. म्हणजे माणसं क्षेम आहेत, गाडीचं पुढे लिहितो. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? (ही चौकशी मनापासून आहे. मागच्या दोन्ही पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस म्हणून घाबरून केलेली नाही.) पत्र लिहायला सकाळी बसलो तो मध्येच उठून गाडीचं बॉनेट उघडून पाहिलं, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. तुझी भावजय चंद्रावती म्हणते, तिकडे बघून ती सुरू होणार नाही. मला कळतं ते, पण हात गप्प राहत नाहीत.

तुझी अट मी विसरलेलो नाही. माझ्या गौरवीच्या साखरपुड्याला सुर्ल्याला जाताना आपली गाडी (बाबांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेली, जर्मनीची, तीच) चढणीवर बसली. तुला नवी मोतिया साडी नेसून खनिजाच्या ट्रकात चढावं लागलं. गौरवीच्या सासरच्या अंगणात तू उतरलीस तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत धुळीने तांबडी झाली होतीस, विहीणबाईंना आधी समजेचना की कोण आलंय. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, ते तू तोंडावर घेतलंस. मी हसलो नव्हतो. (हसला तो हरीकाका.) तिथंच सगळ्यांसमोर तू मला सुनावलंस, "सगुण, ही गाडी चलत म्हज्या दारांत येवन उबी रावली, जाल्यारच हांव लग्नाक येतलें." तुझा शब्द म्हणजे काय ते मी लहानपणापासून जाणतो. तुळशीचं लग्न झालं की गौरवीचं. आणि ती रोज एकच विचारते, आत्या आली नाही तर माझा चुडा कोण भरणार?

म्हणून मी गाडी आधी डिचोलीला मोठ्या गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली. ताई, तिथं जाताना ती स्वतःच्या चाकांवर गेली आणि येताना चौघांनी ढकलत आणली. मधल्या दिवसांत त्यांनी तेल बदललं, पट्टे बदलले, प्लग बदलले, आणि जे बदलता येईना ते धुतलं. बिल पाहिल्यावर मला वाटलं गाडीबरोबर गॅरेजही आपल्याच नावावर होतंय. साहेब गळ्यात टाय लावून मला म्हणाले, गाडीची तब्येत आता उत्तम आहे. मी म्हटलं, मग ती चालत का नाही? तर म्हणाले, तो वेगळा विषय आहे.

तो वेगळा विषय मग साखळीच्या बाबली मेस्त्रीने हातात घेतला. बाबलीने बॉनेटमध्ये डोकं घातलं ते चहाची वेळ होईतो बाहेर काढलं नाही. मग म्हणाला, "सायबा, गाडी बरी आसा. फकत टोपी फुटल्या." डिस्ट्रिब्युटरची टोपी, ताई. काळी, वाटीएवढी, वर पाच बोंडं, त्यांतून तारा निघतात. एवढ्याशा वस्तूवाचून अख्खी गाडी मुकी झाली होती. म्हापशाला गेलो, पणजीला गेलो, मडगावही सोडलं नाही. एका दुकानदाराने फुटकी टोपी हातात घेतली आणि आतल्या भावाला हाक मारून दाखवली, दोघांनी मिळून तिचं कौतुक केलं आणि परत दिली. आपलं घटक राज्य झालं, कोंकणी राजभाषा झाली, पण टोपी काही कुणाला करता आली नाही. शेवटी बेळगावात एका जुन्या दुकानाच्या पोटमाळ्यावर ती खोक्यासकट सापडली. दुकानदार म्हणाला, साहेब, ही शेवटचीच. (तो दातकोरणंही शेवटचंच म्हणून विकत असावा.) त्याने मागितलं ते देऊन मी नाचत घरी आलो.

आलो तो चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी. बाबली म्हणाला, आता गणपती झाल्याशिवाय मी पाना हातात धरणार नाही. मी टोपी खोक्यातून काढून पाहिली, पुसली, आणि माटोळीला टांगायच्या फळांच्या टोपलीवर क्षणभर ठेवून हातपाय धुवायला गेलो. इथंच घात झाला.

तुला ठाऊकच आहे, आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधायचा मान हरीकाकाचा. सुपारीचे शिपटे, तवशी, कवंडळं, आंबाडे अशी नेहमीची फळं सगळेच बांधतात. पण दरवर्षी कुणी न पाहिलेलं एक तरी रानफळ टांगल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तरी हौस फिटत नाही. सकाळी पूजा झाली, आरती झाली, मी वर पाहिलं, तर देवाच्या बरोबर डोक्यावर, कवंडळांच्या मधोमध, माझी टोपी! अख्खा वाडा येऊन बघत होता आणि काका सांगत होता, "हें घाटावयलें फळ. हांगा जायना." (इथं होत नाही, एवढं खरं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला.) आता पूजेनंतर माटोळीला हात कोण लावणार? पाच दिवस मी देवापुढे बसलो आणि देवाऐवजी टोपीकडेच पाहत राहिलो. भटजींना वाटलं मला वैराग्य आलंय. विसर्जनाला मी नदीवर गेलो, परत येतो तो माटोळी उतरलेली, प्रसाद वाटलेला, आणि टोपी नाही!

असो. आमची काळजी करू नकोस. गुडघ्यांना तेल लाव आणि भावजींना पानतंबाखू कमी करायला सांग. लहानांना आशीर्वाद.

तुझा,
सगुण

ता. क. १: आता खरं ते लिहितो. चंद्रावती म्हणते, शेजारच्या राजेशच्या स्कूटरवरून तुला प्रसादाची टोपली पाठवली, त्यात 'काकांचं ते घाटावरचं फळ' मुद्दाम घातलं, ताईला कौतुक वाटेल म्हणून. ताई, ते फळ नव्हे, तीच टोपी. चिरू नकोस, उकडू नकोस, भावजींना चाखायला देऊ नकोस. पोरांनी तुमच्या मोरजीच्या किनाऱ्यावर नेलं असेल तर कासवांच्या आधी तू शोध. मिळाल्याबरोबर राजेशकडे दे. ती आली की गाडी आली, आणि गाडी आली की तू आलीस.

ता. क. २: पाकीट चिकटवलं होतं, फाडून पुन्हा लिहितोय. बाबली आत्ताच येऊन गेला. टोपीच्या रिकाम्या खोक्यात चंद्रावतीने वाती ठेवल्या होत्या. त्याने खोक्यावरचा नंबर वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाला, "सायबा, ही आमच्या गाडयेची न्हय. ही हिच्या धाकट्या भयणीची." म्हणजे ती टोपी दुसऱ्याच मॉडेलची, सापडली असती तरी बसली नसती. तेव्हा शोधू नकोस. माटोळीला टांगली तीच तिची योग्य जागा होती.

गौरवी माझ्या खांद्यावरून हे सगळं वाचत होती. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "बाबा, गाडी रावूं दी. आत्येक हाड." ताई, इतकी पानं खरडली, पण मला लिहायचं होतं ते एवढंच होतं: गाडी राहू दे, तू ये.

ता. क. ३: पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र मी स्वतःच घेऊन निघालोय. पेडण्यापर्यंत एक बस, पुढे दुसरी. मोरजीच्या थांब्यापासून घरापर्यंत मात्र चालत. कुणी ढकलायला नाही. तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या दारात येऊन उभा असेन. लग्नाच्या तयारीला आत्तापासूनच तू हवीस. साडी बदल आणि चल.