गोड हाकेला ओ देऊ नये

धुक्याआधीचा महिना, ता. ३

चि. टिटवीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. अक्षर शेजारच्या शिंपीणबाईंचं, शब्द माझे. मध्येच कुठे शहाणपणा दिसला तर तो त्यांचा समज.

तुला आठ दिवसांची रजा मिळाली. मोजणीदारालाही घर असतं हे खात्याला दोन वर्षांनी आठवलं म्हणायचं. आता वाटेचं ऐक. बोट अकरा दिवस घेते, म्हणजे रजा संपल्यावर पोचशील. कड्याच्या वाटेचं नाव काढू नकोस. यंदा कड्याने दोनदा कूस बदलली आणि दुसऱ्या खेपेला अर्धी वाट अंगाखाली घेऊन झोपला. राहिली वाळूची वाट. पहाटे ओहोटी लागली की निघ, नऊ खांब, दुपारच्या जेवणाला घरी. चाळीस वर्षं मी लोकांना कमरेला दोर बांधून तिथून नेलं, एकही गमावला नाही. गेले ते तुझे आजोबा, आणि ते माझं न ऐकता एकटे निघाले होते.

धुक्याला अजून महिना आहे, पण त्याला कॅलेंडर कुठे वाचता येतं? मलाही येत नाही. उतरलंच तर खांबाला पाठ लावून बसायचं. धुकं हाका मारतं, ओळखीच्या आवाजात, पण फक्त मेलेल्यांच्या. जिवंताचा आवाज त्याला काढता येत नाही. ओ द्यायची नाही, हाकेच्या दिशेने पाऊल टाकायचं नाही. मी घ्यायला येईन या भ्रमात राहू नकोस, गुडघे मला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत.

बाकी भेटीत. तोवर उरलासुरला लोभ सांभाळ.
आजी (अंगठा)

धुक्याआधीचा महिना, ता. २८

सौ. शिंपीणकाकूंना सा. न. वि. वि.
पत्र तुमच्या नावाने पाठवते, कारण आमच्या घरी ते घ्यायला आता कोणी नसेल.

परवा मी पाचव्या खांबाशी, बरोबर अर्ध्या वाटेवर होते. धुकं एकदम उतरलं. सांगितल्याप्रमाणे बसले. थोड्या वेळाने समोरून आजीचा आवाज आला, ‘बाळा, ये गं, जेवायची थांबलेय.’ तीनदा. काकू, तो तिचाच आवाज होता, आणि ती तर उंबऱ्याबाहेर पडणार नव्हती. मी ओ दिली नाही. पाणी घोट्याला लागलं तरी त्या आवाजाकडे जायचा धीर होईना. उलट पावली चौकीवर परत आले. आता ओहोटी सोयीची नाही, रजाही संपेल.

ती कधी गेली आणि जवळ कोण होतं, तेवढं कळवा. तिचा दोर कोणाला देऊ नका. मी इथे नकाशावर धोके मांडते, गाळाला लाल शाई, उलट्या भरतीला निळी. आवाजासाठी रकाना मागितला तर साहेब म्हणाले, आवाज मोजता येत नाही.

तुमचा जीव आमच्यावर होता, तो माझ्यापुरता तरी राहू द्या.
टिटवी

धुक्याचा महिना, ता. १०

चि. टिटवीस,
मेलेल्या आजीचे अनेक आशीर्वाद. माझं मरण शिंपीणबाईंनी काल मला वाचून दाखवलं. वाचताना रडल्या त्याच, मी समोर बसलेली दिसत असून.

मी जिवंत आहे आणि हाक माझीच होती. येणार नाही म्हटलं होतं खरं, पण दोन ताटं मांडून भिंतीकडे बघत बसवेना. गुडघे ओढत तिसऱ्या खांबापर्यंत आले आणि घसा फोडला. तू ओ देईनास. मला काय वाटलं ते लिहू नका, असं शिंपीणबाईंना सांगितलंय. त्यानंतर पंधरा दिवस मी किनाऱ्यावर कान लावून होते. धुक्यात तुझा आवाज येतो का ते बघत होते. तो आला नाही, म्हणून दोन घास खात होते.

चूक माझी. जन्मात तुला कधी बाळा म्हटलं नाही आणि म्हटलं ते नेमकं धुक्यात. धुक्यातली माणसं फार गोड बोलतात गं. तुझे आजोबा रोज मला राणी म्हणतात. जिवंतपणी ‘अगं ए’च्या पुढे गाडी गेली नव्हती.

रागावू नकोस, म्हातारी एवढीच शिल्लक आहे.
आजी (अंगठा)

धुक्याचा महिना, ता. २२

ति. आजीस,
शि. सा. न. तुझं पत्र हातात घेऊन मी चौकीच्या पायरीवर बसले आणि साहेबांसमोर भोकाड पसरलं. त्यांनी चहा आणून दिला. पुढची रजा चार महिन्यांनी.

पण एक विचारते. आजोबा ‘रोज’ राणी म्हणतात, म्हणजे तू रोज तिथे जातेस? कशाला?

उत्तर टाळू नकोस, एवढी माया कर.
टिटवी

धुक्याचा दुसरा महिना, ता. ४

चि. टिटवीस,
आशीर्वाद. हो, जाते. पहिल्या खांबापर्यंतच, दोराचं एक टोक खांबाला, दुसरं कमरेला. ओ देत नाही. ते तुझे आजोबा नव्हेत हेही कळतं, त्यांना इतकं गोड जमलंच नसतं. पण संध्याकाळी शिंपीणबाईंचं मशीन थांबलं की घरात भांडं पडल्याशिवाय आवाज होत नाही. चार शब्द ऐकते आणि परत येते. हे लिहिताना शिंपीणबाई थांबल्या. उद्यापासून संध्याकाळी काजं करायला आपल्याकडे येऊन बसते म्हणतात. काजं म्हणे.

आता चार महिन्यांनंतरचं ठरव. मी तिसऱ्या खांबाशी उभी राहीन आणि तुला शिव्या घालीन. कुठल्या ते आत्ताच सांगितलं होतं, पण शिंपीणबाई लिहायला तयार नाहीत. धुक्याला शिव्या येत नाहीत. शिव्या ऐकू आल्या तर बेलाशक पुढे ये.

आणि गोड हाक आली, तर समज की शिंपीणबाईंना तुला पत्र लिहायला वेळ मिळाला नाही. तेव्हा ओ देऊ नकोस. पाऊलही टाकू नकोस. पण पाणी चढेपर्यंत थोडी बस, आणि ऐक.
आजी (अंगठा)