पॉसिबल बिबट्या

३ डिसेंबर
आज नववीला पॉसिबल आणि प्रॉबेबल शिकवलं. पॉसिबल म्हणजे होऊ शकतं. प्रॉबेबल म्हणजे बहुतेक होणारच. उदाहरण घरचंच दिलं: आपल्या शिवारात बिबट्या येणं पॉसिबल आहे, पण प्रॉबेबल नाही. पोरं हसली. आमची मयुरी त्याच वर्गात, तिनेही मान डोलावली. इतकं सोपं करून सांगणारा मोताळा तालुक्यात दुसरा कोण आहे?

३ डिसेंबर, संध्याकाळी
शेजारच्या कडूबाच्या तुरीत पावलं उमटलीत. चहाची बशी दाखवून म्हणाला, "एवढा पंजा हाये, सर." वनरक्षक म्हणतो, बिबट्या असू शकतो. असू शकतो, म्हणजे पॉसिबलच. घरात सगळ्यांना हा फरक शांतपणे समजावला. मग मागच्या दाराला आतून पाटा लावला. दार वाऱ्याने वाजतं म्हणून.

५ डिसेंबर
गावात ठरलं. बाया कापूस वेचतील, आणि रोज एका घरचा पुरुष धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, डबा वाजवत राखण करील. आमचा नंबर मंगळवारी. वेचणीत आई आणि बायको सारिका दोघी आहेत, म्हणजे मीच जायला हवं. जाणार. पक्कं. रात्री तीनदा उठलो ते वांग्याच्या भाजीने.

८ डिसेंबर
मोबाईलवर वाचलं की तो मागून झडप घालतो, पण माणसाचा चेहरा दिसला तर बिचकतो. मयुरीकडून पुठ्ठ्याचा मुखवटा करून घेतला, डोक्यामागे बांधायला. तिने मिशा काढल्या. शिट्टीही आणली. तयारी पूर्ण.

९ डिसेंबर, सकाळी
ताप आला. थर्मामीटरमध्ये दिसत नाही, पण ते जुनं आहे. आईने कपाळाला हात लावला. म्हणाली, "काऊन रे प्रसेनजित, कपाळ तं थंडगार हाये." आतला ताप हाताला कळत नाही. कडूबा माझ्या जागी गेला. आमचा नंबर रविवारवर ढकलला.

११ डिसेंबर
मयुरीने विचारलं, पप्पा, प्रॉबेबल नाही तर मग भ्यायचं कशाला? मी म्हणालो, मी भीत नाही, मी प्रॉबेबिलिटी कमी करतोय.
भीती वाटते. फार वाटते. सारिका सकाळी निघाली की ती परत येईपर्यंत माझा एक कान शेताकडे असतो. वर्गात काय बोलतो ते माझं मलाच ऐकू येत नाही. हे खोडायचं आहे.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी
शाळा बंद. तपासायला पेपर नाहीत. वांगी नाहीत. जातो.

१४ डिसेंबर, संध्याकाळी
राखण केली. धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली उभा होतो. दुपारी तुरीत सळसळ झाली. त्यानंतर मी निंबावर होतो. कसा, ते आठवत नाही. डबा खाली राहिला, मुखवटाही पडला. डोळे मिटून पुढचं धोरण ठरवत होतो. खाली डबा वाजत होता, आई मोठमोठ्याने बोलत होती. मग सगळं शांत झालं. वेचणीतल्या तानुबाईंचा आवाज आला, "डुक्कर होतं, सर. गेलं. तुम्ही बसा वरच, हवा चांगली हाये."
मी वरूनच सांगितलं की पाहा, पॉसिबल होतं, प्रॉबेबल नव्हतं. सगळ्या बाया हो म्हणाल्या. संध्याकाळी उतरताना दोघींनी पाय धरले, कारण निंब निसरडा होता. घरी येताच दाराचा पाटा काढला. खूप दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या.

१५ डिसेंबर
वनरक्षक पाहणी करून गेला. बशीएवढी पावलं निंबाच्या बुडापर्यंत आलीत, तिथे घोटाळलीत, मग परत तुरीत. एक पाऊल मुखवट्यावर आहे, मिशीच्या जरा वर. तो असंही म्हणाला की बिबट्या झाडावर चढतो. हे मला माहीत नव्हतं.
आईला विचारलं. ती शेंगा सोलत होती. "हाव. आम्ही साऱ्याईनं पाह्यला. तुह्याच खाली उभा होता." मग डुक्कर का म्हणालात? "तुले खरं सांगतलं असतं तं तुहा हात सुटला असता." म्हणजे तो खाली होता, मी वर होतो, आणि डबा तानुबाईंच्या हातात होता.
सारिकाने पाटा उचलून पुन्हा दाराला लावला. उद्या बाया वेचणीला जाणारच आहेत. पुढच्या फेरीत आमच्या घरून कोण, हे कोणी विचारलं नाही.

१६ डिसेंबर
नववीच्या वह्या तपासल्या. पॉसिबल आणि प्रॉबेबल एकाच वाक्यात वापरायचे होते. मयुरीने लिहिलंय: पप्पा राखणीला जातील हे पॉसिबल आहे, पण प्रॉबेबल नाही.
दोनदा वाचलं. चूक सापडली नाही. पूर्ण मार्क दिले.