दुसऱ्या बाजूचा धोटा

१९ नोव्हेंबर, सुरत

आता बाबाले कोन समजावणार? मी म्हटलं साडीवर कोयरीची नक्षी घेऊ, तर कोयरी आपली नाही म्हणे, बाहेरची. आंधळगावच्या कोसा साडीले करवतीच्या दातांसारखा करवती काठच पाहिजे. याच्यावरूनच भांडून मी इथं आलो, अन् इथं मशीनवर दिवसभर कोयऱ्याच निघून राहिल्या.

आज नक्षी काढणारा बनारसचा चाचा सांगत होता का कोयरी म्हणजे इराणातलं, वाऱ्यानं वाकलेलं सरूचं झाड. बादशहांच्या कारखान्यांत आली, काश्मिरात शालीवर चढली, आपल्याकडं येऊन कैरी झाली. जिथं गेली तिथल्या विणकरानं तिले आपली केली.

मले वाटलं, जिंकलो! लगेच बाबाले फोन लावला.

बाबानं सगळं ऐकलं. मंग म्हणाले, "आली असन, बाबू. पन जिथं गेली तिथं कोनी तरी मागावर बसला होता ना? इथं कोन हाय?"

करवती काठाले दोघं लागतात. बाबा मधात, अन् काठाच्या आडव्या धाग्याचा धोटा फेकाले बाजूले मी. मी सुरतले आलो तसा काठ थांबला. मंग भांडण कोयरीचं होतं तरी का? बाबानं गावभर विचारलं, मजुरीनंही कोनी त्या धोट्याले बसत नाही. मी जाऊ? गेलो तर घर कायच्यावर चालन?

उद्या माग उचलून गोठ्यात ठेवणार म्हणाले. धोटा फेकाले एक मानूस नाही भेटला, माग उचलाले दोघं भेटले. त्यांची मजुरी पाठवून राहिलो. बाराशे रुपये.