आप्पांचं वजन आणि दुकानाचा काटा

सोनपेठ, १८ जुलै १९७४
परभणीचा डॉक्टर लय शहाणा. हर्निया दाखवायला गेलो, तर म्हणतो, आधी दहा किलो उतरा, दोन महिन्यांनी या. चरबीत टाके धरत नाहीत म्हणे, आतडं पुन्हा बाहेर येईल. जड उचलायचं नाही. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, हेही ऐकवलं. फी घेऊन वर धमकी! वजन शहाण्णव आहे. शहाऐंशी करून त्याच्या टेबलापुढं उभा राहतो. या चन्नबसप्पानं मनावर घेतलं की घेतलं.

२० जुलै
श्रावण लागला. यंदा महिनाभर उपास. फक्त साबुदाणा, भगर, शेंगदाणे आणि थोडं तूप. बायको म्हणाली, त्यापेक्षा एक वेळ भाकरी खा. उमादेवीला वैद्यक कळत नाही, तोंड तेवढं चालतंय.

२९ जुलै, सकाळी
माझ्या पेंडीच्या दुकानात पोती मोजायचा काटा आहे, त्याच्या एका पारड्यात बसलो. भुजंग हमालानं दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली. अठ्ठ्याण्णव! भुजंग दात काढायलाय. धोतर ओलं होतं, त्याचं वजन कोण धरणार?

५ ऑगस्ट
बाजाराचा दिवस. दुकान भरलेलं. पुन्हा काट्यात बसलो. साडेनव्व्याण्णव! एवढा कडक उपास करून! डोकंच सरकलं. सगळ्यांदेखत ओरडलो की वजनं झिजलीत, काटा खोटा आहे.
म्हशीला सरकी पेंड न्यायला आलेल्या सगुणाबाईनं पोतं खाली ठेवलं. म्हणाली, "आप्पा, वजनं झिजली असतील तर माझी पेंड बी कमीच भरली की."
मी म्हणालो, झिजलीत ती माझ्यापुरती. कुणी ऐकून घेईना. एकेक जण पोतं ठेवून गेला. तीस वर्षांची इज्जत, आणि बाई दोन शब्दांत घालवून गेली. नालायक लोक.

६ ऑगस्ट, दुपारी
गिऱ्हाईक नाही. शेजारच्या दुकानातल्या महालिंगकडून सरकारी शिक्क्याची वजनं आणली. भुजंग जेवायला गेलेला. कशाला त्याची वाट बघू? दोन हातांत दोन उचलली, वीस-वीस किलोची. एका पारड्यात ती टाकली, दुसऱ्यात आमची. आमची वजनं तंतोतंत बरोबर निघाली. महालिंगच्या वजनांचाही भरवसा नाही.
जांघेत कळ आली. हर्नियाचा गोळा आत जाईना. वायू असावा. उमादेवी रडायला लागली, तिला रागावलो.

संध्याकाळी
उलट्या. परभणीला न्यायला जीप आली. मला भीती वाटायलीय.

परभणी, दवाखाना, ११ ऑगस्ट
त्याच रात्री ऑपरेशन झालं, सगळ्या चरबीसकट. वाचलो. टाके टिकतील का, डॉक्टर सांगत नाही. खोकायचं नाही, जोर करायचा नाही, ओरडायचं तर मुळीच नाही.
उमादेवी आज सोनपेठहून आली. तीन दिवस तीच दुकान बघायलीय. सगळी गिऱ्हाइकं परत आली, सगुणाबाईसुद्धा. मी विचारलं, काय जादू केलीस?
म्हणाली, "महालिंगआप्पांची वजनं सगळ्यांपुढं लावून दाखवली. सांगितलं, काटा खरा आहे, आमचे हेच खोटं बोलले."
गावासमोर नवऱ्याला खोटारडा म्हणाली! पेटलो. ओरडायला तोंड उघडलं आणि टाक्यांत कळ आली. ती माझं पोट धरून मला दाबून बसली, हलू देईना.
मग हळूच म्हणालो, बरोबर सांगितलंस.