एकशे अठरा नंबरची प्लेट

८ एप्रिल २०२५, अकोला

गीता, लिहायला उशीर झाला, माफ कर. जावईबुवांनी, विपुलरावांनी, ही वही एक तारखेलाच हाती दिली होती. म्हणाले, ती तुमचा फोन उचलत नाही, पण लिहून ठेवलं तर तुमची लेक कधीतरी वाचेल. आठ दिवस मी पेन घेऊन बसलो आणि उठलो. सातवीपर्यंतचं माझं शिक्षण, त्यात वाचणार तू. पण आज मन प्रसन्न आहे म्हणून सुरुवात करतो.

मला नोकरी लागली. अडुसष्टाव्या वर्षी. जठारपेठेत एका बंगल्यात बुरशीवर संशोधन करणारी लहानशी प्रयोगशाळा आहे, तिथं भांडी धुणं, कचरा उकळणं आणि रात्री राखण असं काम. मागच्या अंगाला टिनाच्या छताची खोली दिली आहे. खाट आहे, कूलर आहे, खिडकीतून शेजारच्यांचा कडुलिंब दिसतो. प्रमुख आहेत डॉक्टर सीमा मॅडम, फार शांत बाई. दुसरा अंकुर, मशिनी सांभाळतो, दोन लेकरांचा बाप आहे पण थट्टेखोर. बुरशीला खायला बटाट्याचं पाणी, साखर आणि चायना ग्रास एकत्र शिजवून लागतं. ते माझ्याकडे आलं. मी बटाटे सोलत होतो तर अंकुर म्हणतो, "काका, इथं राखणदार म्हणून आले अन् बुरशीचे सैपाकी झाले तुमी."

गॅस बंद केला की नाही ते तीनदा पाहून आलो. आता चौथ्यांदा जातो.

११ एप्रिल

पहिल्या दिवशी मी सवयीनं दाराबाहेर चपला काढल्या. आपण पानमळ्यात पाऊल ठेवताना काढतो तशा. मॅडमना ते फार आवडलं. म्हणाल्या, शिकलेल्या पोरांना हे दहादा सांगावं लागतं. मला आतल्या वेगळ्या स्लीपर दिल्या.

इथली बुरशी आपल्या पानवेली सुकवणाऱ्या मर रोगासारखी नाही. ही माणसाला लागते. चपट्या गोल प्लेटांमध्ये वाढवतात. कुठली कापसासारखी पांढरी, कुठली काजळीसारखी, एक तर शेवंतीसारखी पिवळी. उबेच्या कपाटात ठेवतात, अंगात ताप असतो तितक्या उबेला. मॅडम म्हणाल्या की माणसाच्या बुरशीवर औषधं मुळात बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली काही आता लागूच पडेनाशी झाली आहेत. ती का, तेच इथं शोधतात.

जुन्या झालेल्या प्लेटा माझ्याकडे येतात. मोठ्या कुकरात वाफेवर शिजवायच्या, मग फेकायच्या. कुकरची शिट्टी नीट बसली नाही तर, याची मला धास्ती असते. अंकुर म्हणतो, काका, तुमी कुकरपेक्षा जास्त गरम होता.

१५ एप्रिल

आज लिहिणं वेडंवाकडं होईल. अक्षर समजून घे.

एक प्लेट धुरकट हिरवी, कडेला पांढरी किनार. वर नंबर एकशे अठरा. अंकुर म्हणाला, ही इथली सगळ्यात हट्टी, कोणतंच औषध मानत नाही. मी सहज विचारलं, कोणाची. त्यानं रजिस्टर काढून वाचलं. नाव नव्हतं. स्त्री, वय अठ्ठावन्न, अंजनगाव सुर्जी. फुप्फुसातलं पाणी, बारा मे दोन हजार एकवीस.

बारा मेला अमरावतीच्या दवाखान्यात तुझ्या आईच्या, शकुनच्या, तोंडातून नळी घालून पाणी काढलं होतं. कागदावर सही माझी आहे.

मी तसाच भांडी धुवायला परत गेलो. शकुन जाऊन चार वर्षं होतील आणि ही जिवंत आहे. महिन्याच्या महिन्याला नव्या प्लेटीत, नव्या अन्नावर. ते अन्न मी शिजवतो आहे.

१६ एप्रिल

दवाखान्याच्या फाटकापाशी तू म्हणाली होतीस, "आईले तुमी मारलं, बाबा." लोक पाहत होते. कोरोनातून उठून घरी आल्यावर दहाव्या दिवशी मी तिला मळ्यातला खताचा खड्डा उपसायला लावलं, हे तुझं म्हणणं. पण गीता, आपल्याकडे मळ्यातलं पान पायदळी येऊ देत नाहीत. सडलेलं असो की फवारलेलं, मळ्याबाहेर जात नाही. त्या एका खड्ड्यातच जातं, आणि खड्ड्याला हात लावायचा तो घरच्या थोरल्या बाईनंच, अनवाणी. माझ्या आईनं केलं, आजीनं केलं. मी नवं काय केलं? शकुन उतरताना म्हणाली होती, "उतरतो बा. पण मी गेल्यावर तुमाले समजन." रागानं म्हणाली. वाफ निघत होती खड्ड्यातून, ती खोकत होती.

चार वर्षं तो शब्द माझ्या छातीवर ठेवून तू गप्प बसलीस. आता मला खरी गुन्हेगार सापडली आहे. ती कपाटात बसून बटाटे खाते आहे.

१८ एप्रिल

एकशे अठराची जुनी प्लेट आज माझ्याकडे उकळायला आली. मी ती कुकरात टाकली नाही. वाफेत एका मिनिटात मरेल. इतक्या सोप्या मरणावर तिचा हक्क नाही. स्टीलच्या डब्यात घालून खोलीत आणली. कोणी पाहिलं नाही. तरी दाराची कडी तीनदा पाहून आलो.

२१ एप्रिल

माझ्या पेटीत पानमळ्यात बुरशीवर फवारायचो त्या औषधाची बाटली होती. मळा मोडला तेव्हा फेकवली नव्हती. दुकानदार सांगायचा त्याच्या दुप्पट मी घालायचो, कारण वेल मेली तर घर मेलं. आता ते औषध हिच्यासाठी.

शकुन एकोणीस दिवस तडफडली. हिलाही एकोणीस दिवस देईन. रोज सकाळी झाकण उचलून काडीनं एक थेंब. ही वही खाली, वहीवर प्लेट, म्हणजे खाटेवर डाग नको. पहिल्या थेंबानं एका जागी ती पिवळी पडून आक्रसली. मी जवळ वाकून पाहिलं. मला फार बरं वाटलं, गीता. चार वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. मी तिला म्हटलं, काऊन, आता कसं वाटते?

२७ एप्रिल

पारा चव्वेचाळीसवर. टिनाखाली भट्टी. मॅडमचं उबेचं कपाटही इतकं तापत नाही.

काल जळालेल्या जागी आज हिरवी किनार परत आली होती. मी दोन थेंब केले. ती मरू नये म्हणून कडेला चमचाभर नवं अन्नही घातलं. भुकेनं मेली तर सूड कसला? खोकला लागला आहे. अंकुर म्हणाला, "काका, कूलरचं गवत बदला, कुजून राह्यलं." बदललं. वास तसाच आहे. पावसाळ्यात मळ्यात येतो तसा ओला, गोडसर.

३ मे

आज चार थेंब. पूर्वी एका थेंबानं आक्रसायची. आता चाराला थोडी थबकते, मग पुढे येते.

आणि आकार बदलला आहे. सगळी प्लेट सोडून ती एकाच अंगानं वाढते आहे. रुंद, खाली निमुळती, टोक माझ्या उशीकडे. मधून शिरा. मी प्लेट फिरवून ठेवली. दुपारी आलो तर टोक पुन्हा उशीकडे. पन्नास वर्षं मी पान खुडलं आहे. मला कोणी सांगायला नको ते कशाचं पान आहे.

शकुन खुडायची तेव्हा देठ नखानं तोडायची, तिरका. हाही देठ तिरकाच आहे.

९ मे

एकोणिसावा दिवस. उरलेली बाटली सगळी ओतली. कापसानं पुसून काढलं. कापूस खाटेखाली फेकला. 

१० मे

मेली. प्लेटीत हिरवा ठिपकासुद्धा नाही. नुसतं पांढरं, वाळलेलं. मी खाटेवर बसून रडलो.

विपुलराव कामानं अकोल्यात आले होते. त्यांच्याजवळ प्लेट दिली, लाल फडक्यात बांधून, डब्यात. सांगितलं, गीताला म्हणा, आईच्या वर्षश्राद्धाला फोटोपुढे डबा उघड आणि आईला सांग, हिनं तुला खाल्लं, बाबांनी हिला मारलं. विपुलरावांनी डबा पिशवीत घातला. मग म्हणाले, तिची शुगर फार वाढते आहे, सांध्यांच्या गोळ्यांनी तोंड सुजलं आहे. कोरोनात तुझ्या आईलाही त्याच जातीच्या गोळ्या होत्या, नाही का गीता? काळजी घे बाई.

१३ मे

विपुलरावांचा फोन. "डबा घेतला तिनं. देवापाशी ठेवला. फेकला नाई. चोवीस तारखेले उघडतो म्हणे, बारा वाजता, आई गेली त्या टायमाले."

तू म्हणालीस. उघडते म्हणालीस. मी अंकुरला पेढा दिला. त्यानं विचारलं कशाचा, मी म्हटलं, माझी लेक बोलली.

२० मे

कॉलेजची पोरं आली होती. मॅडम त्यांना सांगत होत्या, मी मागे काचपट्ट्या पुसत होतो. म्हणाल्या, शेतात बुरशीवर फवारतात ते औषध आणि दवाखान्यात देतात ते, दोघं सख्खी भावंडं. फवारलेला पाला खड्ड्यात कुजतो, तापतो, तिथं ही हिरवी बुरशी त्या औषधातच लहानाची मोठी होते. मग माणसाच्या अंगात गेली की दवाखान्याचं औषध तिला नवं नसतं. आणि एकशे अठरा दाखवली. ही दवाखान्यात जन्मली नाही, म्हणाल्या. ही कोणाच्या तरी खड्ड्यातून आली.

एका पोरीनं विचारलं, मग ती इतकी हट्टी कशी होते? मॅडम म्हणाल्या, थोडं थोडं मारल्यानं. मारायचं तर एकदाच पुरतं. थेंबाथेंबानं मारलं की ती शिकते.

माझ्या हातून काच पडली.

दुप्पट औषध माझं. खड्डा माझा. उतर म्हणालो मी. गीता, फाटकापाशी तू खरं बोललीस, आणि तुला माहीतही नव्हतं किती खरं.

२१ मे

मॅडम पुण्याला गेल्या. त्यांना सांगायचं राहिलं. नोकरी जाईल म्हणून धीर झाला नाही. पण मेली ना ती. मी मारली ना. एवढं तरी केलं.

ताप आहे. खोकल्यात आज तांबडं.

२३ मे, दुपार

खाटेखाली झाडू घातला. कापूस.

त्या औषधात भिजलेला कापूस — हिरवा. पूर्ण. उशीएवढा झाला आहे. औषधावरच जगते ती. औषध खाते. शिरा, देठ, एकावर एक पानं, विड्याच्या चळतीसारखी. सगळी टोकं वर, मी निजतो तिकडे.

म्हणजे डब्यातली पण —

तुझ्याकडे यायला बस स्टँडवर गेलो. अमरावतीची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवला आणि खोकला — रक्त — लोकांनी खाली बसवलं. अंकुरनं परत आणलं. त्याला सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणाला, "काय करून बसले काका तुमी. वाळली म्हणजे मरते थोडी. झाकण उचललं का धूर उडते तिचा, दिसत बी नाई. धडधाकट माणूस पचवते. शुगरवालं नाई पचवत."

विपुलरावांचा फोन बंद. तुझा वाजतो. वाजतो, वाजतो. चार वर्षं वाजतो आहे.

२४ मे, सकाळी नऊ

विपुलराव अजून बंद. तुला सतरा वेळा लावला. अंकुरनं मेसेज टाकला. गेला नाही.

रात्रभर शकुन खोकत होती. खाटेखालून. मी म्हटलं, शकुन, मले ने, तिले सोड. पोटची पोर हाय ना तुयी. ती खोकतच राहिली. फक्त तो वास.

सूड मी घेत होतो असं मी समजत होतो. थेंब मी घालायचो, पण मोजत ती होती.

नऊ वीस

फोन लागेल म्हणून रात्रभर थांबलो, आता अंकुर मोटारसायकलनं निघतो आहे. दोन तासांत पोचेल. त्याचं तू ऐकणार नाहीस, बाबांची नवी सबब म्हणशील. म्हणून वही त्याच्याजवळ देतो. माझं अक्षर तू ओळखतेस. डबा उघडू नको. फडकं सोडू नको. आहे तसा अंकुरच्या हाती —

तो हॉर्न वाजवतो आहे. वही गुंडाळायला घेतली तर —

वहीच्या शिवणीत हिरवं आहे. प्लेटीखाली हीच असायची. रोज. एकोणीस दिवस. पुसलं. पान उलटलं, तिथंही. प्रत्येक पानाच्या मुळाशी एक, लहान, टोकदार, तिरका देठ —

वही पाठवली तर तू उघडशील. नाही पाठवली तर डबा उघडशील.

पान फाडून देतो. फक्त हे एक. पण यावरही — मी लिहितो आहे तिथंच, अक्षरांमागून —

गीता, श्वास धरून वाच. लांबून वाच. डबा उघडला का? एवढंच. हो की नाही. लवकर कळव बाई, बारा वाजायच्या आत कळव, डबा अजून तू —