तळाला चार भोके

मी, शेवटी सही करणारा, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा इमारतींच्या काचा धुण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ज्यांना खात्री नसेल त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला विचारावे, ती सांगेल की नको तितके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही आणि दारू पाजलेली नाही. परवा हृदयाच्या डॉक्टरांनी माझे कागद बाजूला ठेवून "घरचं कोणी बरोबर आलंय का?" असे विचारले, एवढेच निमित्त. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

लग्न केले नाही, मूलबाळ नाही. माझ्यामागे दोघीच: बहीण, आणि तिची मुलगी म्हणजे माझी भाची. आज रविवार. लिहायला दोन दिवस लागतील, मंगळवारी साक्षीदारांना बोलावले आहे.

१. घर. खाली गोदाम आणि वर तीन खोल्या, ही माझ्या स्वकष्टाची मिळकत बहिणीला द्यावी. ती बारा वर्षे इथेच, मागच्या खोलीत राहते. त्या खोलीचे छत गळते. "यंदा करून टाकू" म्हणत मी सात वर्षे काढली. तिने बाकी सगळे सोडून आधी ते करून घ्यावे.

२. बँकेत जी काही शिल्लक निघेल ती भाचीला. कलम सातची अट पाहावी.

३. हत्यारे. रबरी पट्ट्या, दोन लांब दांडे, पाइपची रिळे, पंप, सहाशे लिटरची टाकी आणि पाणी शुद्ध करण्याचे यंत्र भाचीला. ती चार वर्षे माझ्याबरोबर काम करते आणि काचेचा कोपरा माझ्यापेक्षा चांगला काढते. यंत्राची काळजी घ्यावी. त्यातून निघालेले पाणी काचेवर डाग न सोडता वाळते, आमचा धंदाच त्या पाण्यावर चालतो. पण ते हळू गाळते, टाकी भरायला सहा तास लागतात. या सहा तासांबद्दल पुढे लिहायचे आहे.

४. चौकापलीकडचा दुसरा काचवाला, ज्याला सगळे चकाचक म्हणतात, त्याने नऊ वर्षांपूर्वी माझी तीन भागांची शिडी "दोन दिवसांसाठी" नेली. ती त्याला कायमची दिली. मात्र माझ्या अंत्ययात्रेला त्याने ती गाडीवर बांधून येऊ नये.

५. माझी जुनी मोठी गाडी भाचीला. तिला ती नको आहे, हे मला ठाऊक आहे. "मामा, ही गाडी नाही, कपाट आहे," असे ती म्हणते. तिने भाडेकराराने एक नवी छोटी गाडी पसंत केली आहे, ती येत्या गुरुवारी मिळणार. पांढरी, सुटसुटीत, कुठल्याही गल्लीत उभी राहील अशी. तीन वर्षांनी परत करायची, म्हणून करारात एक अट आहे: तळाच्या पत्र्याला भोक पाडायचे नाही. ही ओळ वाचल्यापासून मला अन्न गोड लागलेले नाही.

पाण्याची टाकी न्यायला गाडी निवडताना लोक टाकी आत मावते का एवढेच बघतात. मावणे निराळे आणि पेलणे निराळे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सहाशे लिटर म्हणजे सहाशे किलो, त्यावर टाकीचे, लोखंडी चौकटीचे, पंपाचे, शिड्यांचे वजन आणि चालवणाऱ्याचे स्वतःचे. गाडीच्या दाराच्या खांबावर एक पट्टी असते, तिच्यावर भरलेल्या गाडीचे वजन किती चालेल ते लिहिलेले असते. विकणारा ती पट्टी दाखवत नाही, रेडिओ दाखवतो. रिकाम्या गाडीचे वजन किती भरते ते त्यातून वजा करावे आणि मग टाकीचा विचार करावा. टाकी बसकी आणि रुंद घ्यावी, उंच नको. पाणी आतल्या आत धावू नये म्हणून तिच्या पोटात आडव्या भिंती असाव्यात. चालक आणि टाकी यांच्यामध्ये भक्कम पत्रा असावा. आणि टाकीची चौकट तळाच्या पत्र्यातून आरपार बोल्टने, खालून जाड लोखंडी पट्ट्या देऊन, गाडीच्या सांगाड्याला आवळावी. माझ्या जुन्या गाडीच्या तळाला अशी चार भोके आहेत. ती गाडी आणली त्याच दिवशी मी पाडली, तेव्हा एक अंत्यविधी होऊन आठवडा झाला होता.

६. तो अंत्यविधी माझ्या मेहुण्याचा. बहिणीचा नवरा, भाचीचा बाप, या धंद्यातला माझा भागीदार. सगळे त्याला लांब्या म्हणत, कारण तळमजल्याच्या उंच काचा तो स्टुलावर उभा राहून पुसायचा आणि शिडी आणणाऱ्याला हसायचा.

आम्ही दोघांनी मिळून आयुष्यातली पहिली नवी गाडी घेतली. निवडली मी. टाकी बसवायला लांब्या ड्रिल घेऊन आला. म्हणाला, "चार भोकं पाडू, बोल्ट टाकू, विषय संपला." मी त्याच्या हातातून ड्रिल काढून घेतले. "नवी कोरी गाडी आहे रे. आज भोक पाडलंस तर उद्या गंज चढेल, विकायला काढली तर कोणी ढुंकून बघणार नाही." मला खरोखरच त्या चकचकीत पत्र्यात ड्रिल घालवेना. मग मी तळावर प्लायवूड अंथरले आणि चौकट त्या प्लायवूडला स्क्रूने आवळली. वरून दोन पट्टे ओढले. टाकीवर थाप मारून म्हणालो, "हत्ती बांधलास तरी हलायची नाही." लांब्या बरे म्हणाला. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

सात महिने काही झाले नाही. मग एका दुपारी काम लवकर आटोपले आणि टाकी अर्धी राहिली. भरलेल्या टाकीत पाणी गप्प बसते, अर्ध्या टाकीत ते धावते. ते तिथेच सोडून द्यायला हवे होते. पण सहा तास यंत्र चालवून केलेले पाणी गटारात सोडायचे आम्हा दोघांच्याही जिवावर यायचे, म्हणून उरलेले नेहमी घरी न्यायचो. त्या दिवशी लांब्या एकटा होता. उतारावर पुढच्या बसने ब्रेक मारला, यानेही मारला. गाडी थांबली. टाकी थांबली नाही.

बसला ओरखडासुद्धा आला नव्हता. लांब्याला बाहेर काढायला पत्रा कापावा लागला. याहून जास्त मी लिहिणार नाही.

विम्याचा माणूस फाटलेले प्लायवूड बुटाने उलटून बघत होता. त्याने विचारले, "हे कोणी बसवलं?" मी म्हणालो, "त्यानेच." संध्याकाळी बहिणीने विचारले, "दादा, असं कसं झालं रे?" तिला म्हणालो, "जोरात चालवायचा गं तो. किती वेळा सांगितलं होतं." लांब्या ताशी चाळीसच्या वर गाडी कधीच नेत नसे. मागचे लोक हॉर्न वाजवून कंटाळायचे.

बहिणीने माझे खरे मानले. बारा वर्षे ती मेलेल्या नवऱ्यावर रागावलेली आहे. त्याचा फोटो तिने कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आहे. भाचीला लहानपणी खोडी केली की ती म्हणायची, "बापावर गेलीस." मी हे सगळे ऐकत तिच्या हातचे जेवलो. मला स्वतःची शिसारी येते, आणि ती आली तरी पोळी वाढून घ्यायचे मी थांबलो नाही.

७. अट. भाची बापाच्या मरणातून धडा शिकली आहे, पण धडा मीच चुकीचा शिकवला. गेल्या आठवड्यात तिला म्हटले, "बोल्टशिवाय टाकी नेऊ नकोस." ती हसून म्हणाली, "मामा, मी काय बाबांसारखी उडवते का? गोगलगायसुद्धा मला मागे टाकेल. टाकीला काय होतंय?" मी पाइपचे रीळ गुंडाळायला लागलो.

म्हणून कलम दोन आणि तीनमधले काहीही तिला देण्यापूर्वी तिने ती छोटी गाडी परत करावी, टाकी तळाला आरपार बोल्ट असलेल्या गाडीत बसवावी, आणि टाकी काठोकाठ भरून वजनकाट्याची पावती आणावी. पावती नसेल तर काही देऊ नये, यंत्र मोडीत घालावे.

हे लिहून झाल्यावर लक्षात आले की मृत्युपत्र मेल्यावर वाचतात आणि गाडी गुरुवारी येते. तेव्हा तोंडानेच सांगायला हवे. बुधवारी सांगेन असे ठरवले आहे.

८. पुरवणी. मंगळवार, सकाळी पावणेअकरा. गोदामातल्या टेबलावर लिहीत आहे, अक्षर वाईट आले तर चालवून घ्यावे. साक्षीदार म्हणून शेजारचा सुतार आणि वजनकाट्यावरचे कारकून आले. सुतार बसता बसता म्हणाला, "काका, भाचीचं काम कसं झालंय? बघितलंत का?"

"कसलं काम?"

"अरेच्चा, बोलली नाही? गाडी कालच मिळाली की तिला. पाठीमागे प्लायवूड टाकून दिलं मी, जुन्या गाडीतली टाकी काढून त्याच्यावर बसवली. चांगले मोठे स्क्रू मारलेत. पत्र्याला भोक नको म्हणाली."

"आत्ता कुठंय ती?"

"टेकडीवरच्या दवाखान्यात. रात्रभर यंत्र लावून ठेवलं होतं, सकाळीच पाणी भरून गेली. तुम्हाला चकित करायचं असेल पोरीला."

यंत्राचा मीटर बघितला. सहाशे लिटर भरलेले आहे. दवाखान्याच्या काचांना तीनशे पुरतात. साडेबाराला तिचे काम संपेल आणि उरलेले तीनशे घेऊन ती उतार उतरेल, कारण पाणी वाया घालवू नये हे तिला मी शिकवले आहे.

फोन उचलत नाही, काम करताना तो गाडीत असतो. दवाखान्याच्या चौकशीवर फोन केला, "निरोप देऊ" म्हणाले. काय निरोप द्यायला सांगू? जपून ये म्हणावे तर ती हळू चालवेल, आणि हळू तर ती चालवतेच. जपून म्हणजे हळू, एवढेच तिला माहीत आहे. थांब म्हणावे तर ती हसेल आणि निघेल, कारण का थांबायचे ते मी तिला कधी सांगितलेलेच नाही.

डॉक्टरांनी मला गाडी चालवायला बंदी केली आहे. जुनी गाडी घेऊन मी निघतो आहे. वाटेत माझे काही झाले तर सांगणारे कोणी उरायला हवे. म्हणून साक्षीदारांना माझी आज्ञा: मी मेलो असे समजा. सही झाल्याबरोबर वर जा आणि कलम सहा माझ्या बहिणीला वाचून दाखवा. मी स्वतः जिना चढून जाऊ शकतो, उशीर होईल हे कारण खरे आहे, पण ते एकच कारण नाही. मी भितो.

(सही) लिहून ठेवणार

आम्ही खालील दोघे साक्षीदार लिहून देतो की वरील सही आमच्या डोळ्यांसमोर झाली, तेव्हा सही करणारे पूर्ण शुद्धीत होते. आज्ञेप्रमाणे आम्ही वर जाऊन कलम सहा वाचून दाखवले. ताई भाजी निवडत होत्या, त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. दुसऱ्यांदा वाचा म्हणाल्या. दुसऱ्यांदा वाचले. सुताराने स्क्रूबद्दल माफी मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही ते सांगता येत नाही.

एकला दहा मिनिटे कमी असताना त्यांच्या मुलीचा फोन आला. बोलणे आम्हाला ऐकू येत होते. "आई, मामा आलाय इथे. दवाखान्याच्या फाटकात गाडी आडवी लावलीय, मला निघूच देत नाही. काय झालं विचारलं तर बोलत नाही, नुसता रडतोय."

ताई म्हणाल्या, "ती गाडी आहे तिथेच राहू दे. तू बसने घरी ये."

"आणि मामाचं काय?"

ताईंनी खाली ठेवलेली जुडी उचलून टोपलीत टाकली. मग म्हणाल्या, "त्याला सांग, मला कळलंय."

एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला आणि आम्हाला जायला सांगितले. मृत्युपत्रात नसलेला हा मजकूर आम्ही आमच्या जबाबदारीवर जोडला आहे.

साक्षीदार १: शेजारचा सुतार (सही)
साक्षीदार २: वजनकाट्यावरचे कारकून (सही)

स्थळ: गोदाम, तळमजला
दिनांक: मंगळवार, एकोणीस मार्च, दुपारी सव्वा वाजता